हिरड्यांचे विकार आणि कर्करोग

दातांच्या मुळांशी जंतूंचा पातळ थर साचतो. तो वेळीच काढला नाही तर त्याचे कठीण कीटण बनते, हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाडही झिजू लागते. अशा दीर्घकालीन दाहाचा कर्करोगाशी काही संबंध आहे काय?

अमेरिकेत १९८६ साली आरोग्यव्यवसायातील ४० ते ७५ वर्षे वयाच्या पुरुषांची दीर्घ पाहणी सुरू झाली. त्यांपैकी ४८,३७५ जणांच्या माहितीवरून २००८ साली असे दिसून आले की, धूम्रपानादी कारणांचा हिशेब केल्यावरही हिरड्यांचा रोग झालेल्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी अधिक होते. मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाशी दिसलेला संबंध कधीही धूम्रपान न केलेल्यांत आढळला नाही. तंबाखू हिरड्या व फुप्फुसे या दोहोंस अपाय करते. म्हणून दोन विकार एकत्र आढळले, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

दुसराही एक पुरावा विचारात घेण्याजोगा आहे. २०१२ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत फ्यूजोबॅक्टेरियम हा मुखात आढळणारा जंतू निरोगी भागापेक्षा अधिक प्रमाणात सापडला. त्यामुळे या विषयाच्या संशोधनास नवी दिशा मिळाली.

तेव्हा हिरड्यांतून रक्त आल्यास भयभीत होऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. दिवसातून दोनदा दात घासावेत व दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिने दात स्वच्छ होतात हा समज घातक आहे. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून न आल्यास तपासणी अवश्य करून घ्यावी.