किती पाहिला, ते आधी सांग

मंठा, जि. जालना

चि. दादू,


घरच्या ग्रुपवर तुझ्या मतांचं वजन वाढलं आहे, हे तुझ्या ध्यानात आलं आहे की नाही, कोण जाणे. संभाजीनगरला शिकायला असल्यामुळं नवा चित्रपट तुझ्यापर्यंत आधी पोचतो आणि तू लगेच लिहून मोकळा होतोस: कडक, बोर, पैसा वसूल, सेकंड हाफ ढेपाळला. इकडं मंठ्यात त्यावर निर्णय होतात. जालना इथून साठ-पासष्ट किलोमीटर, संभाजीनगर त्याच्या जवळपास दुप्पट. घरातल्या चौघांनी जायचं म्हणजे गाडीभाडं, तिकिटं, परतीच्या एसटीचा हिशेब, आणि सोयाबीन काढणीला आलेलं असलं तर सगळाच बेत रद्द. त्यामुळं तुझ्या एका शब्दावर एखाद्या चित्रपटाला जाणं होतं, एखाद्याला होत नाही. मत देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तरण्या पोरानं मत द्यायचं नाही तर कुणी द्यायचं? पण चित्रपट कसा आहे हे सांगताना तो कुठं, किती आणि कोणत्या अवस्थेत पाहिला, तेही सांगत जा. कापूस घेणारा व्यापारी भाव बोलण्याआधी ओलावा तपासतो, कारण ओल्या मालाचं वजन फसवं असतं. चित्रपटाच्या मतातही असा ओलावा असतो, आणि तो बहुतेक वेळा चित्रपटाचा नसून पाहणाऱ्याच्या त्या संध्याकाळचा असतो.

‘सैराट’ घे. २०१६चा चित्रपट, सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून शेवट सांगायला हरकत नाही. आर्ची-परश्याच्या घरी माहेरची माणसं येतात, चहा होतो, आणि पुढं शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं. तिथून नागराज मंजुळे आवाज काढून घेतात. रक्तात भिजलेल्या पावलांनी ते पोर रडत बाहेर पडतं आणि त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. जवळपास तीन तास अजय-अतुल यांच्या संगीतानं भरलेलं थिएटर त्या क्षणी अचानक रिकामं होतं. शेजारच्या खुर्चीवरचा श्वास तेवढा ऐकू येतो. तीच जागा मोबाइलवर, बाजूला कुकरच्या शिट्ट्या चालू असताना पाहिली तर आवाज गेल्याचं कळतच नाही, किंवा कळलं तर बोट आवाज वाढवायला जातं. शिवाय ‘झिंगाट’ वरातीत आणि यूट्यूबवर हजारदा ऐकून झालेलं असतं, त्यामुळं पहिला भाग ओळखीचा वाटतो आणि हैदराबादेतला दुसरा भाग ‘लांबवलेला’. पहिल्या भागातलं स्वप्न आणि दुसऱ्या भागातलं भाड्याच्या खोलीतलं, भांडणातलं, पोटापाण्याचं जगणं यांचं अंतर दाखवण्यासाठीच तो भाग तसा संथ आहे. तुकड्यातुकड्यानं पाहणाऱ्याला हे अंतर दिसत नाही, कारण त्यानं दोन्ही भाग शेजारी ठेवून कधी पाहिलेलेच नसतात. अशा माणसानं ‘सेकंड हाफ ढेपाळला’ म्हटलं, तर नेमकं कोण ढेपाळलं, हे विचारावं लागतं.

यावरून थिएटर चांगलं आणि घर वाईट असा निष्कर्ष काढू नकोस, कारण थिएटरही मत भिजवतं, फक्त उलट बाजूनं. ३० जून २०२३ला ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा गावोगावच्या बायका गटागटानं, ठेवणीतल्या साड्या नेसून गेल्या आणि कित्येक ठिकाणी थिएटरातच मंगळागौरीचे खेळ रंगले. त्या बायकांनी चित्रपटाला दिलेल्या दादेत अर्धी दाद एकमेकींना होती, घराबाहेर काढलेल्या त्या तीन तासांना होती. त्यात वावगं काही नाही. उलट चित्रपटगृहाचं हेच खरं सुख आहे. पण तो चित्रपट दुपारी घरी एकट्यानं पाहणारी सून ‘एवढं काय आहे त्यात?’ असं विचारते तेव्हा तीही खोटं बोलत नसते. ‘छावा’चं तसंच. शेवटच्या अर्ध्या तासात थिएटरात घोषणा होतात, माणसं रडतात. संभाजी महाराजांचा शेवट आपल्याला लहानपणापासून माहीत असतो आणि ते दुःख प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो. त्यातलं किती विकी कौशलनं आणि लक्ष्मण उतेकर यांनी मिळवलं आणि किती महाराजांच्या नावानं आधीच आणून ठेवलं होतं, हे वेगळं करून पाहिल्याशिवाय ‘असा चित्रपट पुन्हा होणे नाही’ असं लिहिणं म्हणजे श्रद्धेची पावती चित्रपटाच्या नावे फाडणं. आणि याच चित्रपटाच्या बाबतीत उलटही झालं: जानेवारी २०२५मध्ये नुसत्या ट्रेलरमधल्या लेझीमच्या नाचावरून वाद पेटला आणि प्रदर्शनाआधीच तो भाग काढून टाकावा लागला. आक्षेप बरोबर की चूक, ते सोड. पण तो नाच कथेत कुठं बसतो हे पाहायची संधी वाद घालणाऱ्यांना मिळाली नाही, समर्थन करणाऱ्यांनाही नाही.

तू म्हणशील, मामा, तुमच्या पिढीनं तरी चित्रपट कुठं धड पाहिले? जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये कनातीची भिंत, जमिनीवर बैठक, मध्येच तुटणारं रीळ, बाहेर पाळण्याचा आणि भोंग्याचा गोंगाट. तिथं तयार झालेली मतं खरी आणि आमची खोटी, हे कसं? आक्षेप वजनदार आहे, आणि त्यानंच मला माझं म्हणणं नेमकं करायला लावलं. पडद्याची लांबी-रुंदी आणि आवाजाची शुद्धता हा खरा मुद्दा असता, तर तंबूतल्या प्रेक्षकाला मत देण्याचा अधिकारच नव्हता. पण तंबूत एक गोष्ट शाबूत होती: वेळ चित्रपटाच्या हातात होता. रीळ तुटलं तरी सगळ्यांचं एकदमच तुटायचं आणि पुढं तिथूनच सुरू व्हायचं. कंटाळवाणं गाणं पुढं ढकलायची सोय कुणाकडं नव्हती. आता तो वेळ पाहणाऱ्याच्या अंगठ्यात आला आहे. २०१९ साली नेटफ्लिक्सनं मोबाइलवर दीडपट वेगानं पाहायची सोय चाचणीला घेतली, तेव्हा हॉलिवूडमधल्या दिग्दर्शकांनी उगाच ओरड केली नव्हती. दृश्य किती लांब ठेवायचं, कुठं थांबायचं, शांतता किती ताणायची यातच दिग्दर्शकाचं बरंचसं काम असतं. ते काम खोडून टाकून उरलेल्या गोष्टीवर निकाल देणं म्हणजे कथेचा सारांश वाचून कादंबरीवर बोलणं. म्हणून हॉस्टेलच्या खाटेवर इअरफोन लावून सलग पाहिलेला चित्रपट मी खरा पाहिलेला मानीन, आणि मल्टिप्लेक्सच्या आरामखुर्चीत रील्स चाळत काढलेले दोन तास मानणार नाही.

हा वेळेचा मुद्दा समजून घ्यायला चैतन्य ताम्हाणे यांचे दोन चित्रपट सोयीचे आहेत. ‘कोर्ट’ २०१५ साली थिएटरात आला. त्याआधी व्हेनिसमध्ये गाजला, पुढं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्यात कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि आपल्यालाही बसवतो. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून विझतात, आणि पडदा इतका वेळ काळा राहतो की संपलं असं समजून माणूस उठावा. त्या अंधारानंतर न्यायाधीशांच्या सहलीचं प्रकरण येतं आणि आतापर्यंत पाहिलेल्या खटल्याला वेगळाच अर्थ देतं. ज्यानं त्या अंधारात संपलं असं समजून फोन बंद केला त्यानं खटला पाहिला, चित्रपट पाहिला नाही. ‘द डिसायपल’ मात्र आपल्याकडं ३० एप्रिल २०२१ला थेट नेटफ्लिक्सवरच आला. त्यातला शरद नेरूळकर रात्रीच्या मुंबईतून मोटारसायकलवर संथ गतीनं जात असतो आणि कानातल्या इअरफोनमधून शास्त्रीय गायनातल्या थोर गुरू माई यांची व्याख्यानं ऐकत असतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. ही दृश्यं तुला घरी, इअरफोन लावूनच अधिक भिडतील असं माझं मत आहे, कारण तो आवाज शरदच्या कानात जसा पडतो तसाच तुझ्याही कानात पडतो. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून तो पुढं ढकलू नकोस. साधना करूनही आपण मोठे होणार नाही हे हळूहळू उमगणं, हा त्याचा विषय आहे, आणि ‘हळूहळू’ दीडपट वेगानं दाखवता येत नाही.

आता ‘स्थळ’बद्दल, कारण त्यावर ‘तेच ते दाखवलंय’ असं मत ऐकू येतं. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट चंद्रपूरकडच्या गावातला, टोरांटोला गाजून मार्च २०२५मध्ये आपल्याकडं लागला. सविताला पाहायला माणसं येतात, नाव, शिक्षण, उंची, छंद विचारतात, पोहे खातात, जातात. पुन्हा माणसं येतात, पुन्हा तेच प्रश्न. तेव्हा ‘तेच ते दाखवलंय’ हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे! चूक होते ती त्याला दोष समजण्यात. मंठा तालुक्यातल्या कोणत्याही गावात लग्नाच्या मुलीला विचार. तिच्या वाट्याला हेच येतं, एकदा नाही, पाहुण्यांना हवा तो रंग आणि हुंड्याचा आकडा जुळेपर्यंत. पाहणाऱ्याला कंटाळा यावा हे दिग्दर्शकानं ठरवूनच केलं आहे, कारण तो कंटाळा सविताचा आहे. ज्यानं दुसरा कांदेपोह्याचा प्रसंग पुढं सरकवला, त्यानं मुलीची बाजू सरकवून दिली आणि पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसला. म्हणून म्हणतो, ‘बोर’ लिहिण्याआधी काय पाहिलं ते एका वाक्यात लिही. कित्येकदा ते वाक्यच पुढचा शब्द बदलायला लावतं. ऐकण्याचंही तसंच: ‘पुष्पा’ पाहून अल्लू अर्जुनच्या बोलण्याच्या ढंगावर सगळे फिदा झाले. हिंदीत तो आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे. अभिनयाला दाद देताना आपण अर्धी दाद चुकीच्या पत्त्यावर पाठवतो, तीही काय ऐकलं हे न तपासल्यामुळं.

दोन आक्षेप राहिले. पहिला असा, की चांगला चित्रपट कुठंही चांगलाच वाटला पाहिजे. प्रेक्षकानं त्याच्यासाठी व्रतवैकल्यं का करावीत? याला थोडं खरेपण आहे. घट्ट पटकथा, चुरचुरीत संवाद, विनोद, हे फोनवरही टिकतात. पण मग फोनवर टिकतो तोच चांगला, अशी कसोटी आपण नकळत लावतो, आणि आवाज, शांतता, गर्दी, अंतर यांच्यावर उभे राहणारे चित्रपट त्या कसोटीत नापासच व्हायचे. दुसरा आक्षेप तुझ्या वयाला शोभणारा: अरे, मी काय समीक्षक आहे? गप्पा मारतोय. बरोबर, गप्पाच आहेत. मात्र मराठी चित्रपटाचं पोट या गप्पांवरच चालतं. जाहिरातीला पैसा नसलेला चित्रपट शुक्रवारी लागतो आणि शनिवार-रविवारच्या तोंडी मतांवर सोमवारी त्याचे शो राहतात किंवा जातात. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला वेळ मिळावी म्हणून २०१५ साली सरकारला आदेश काढावा लागला, आणि संध्याकाळी सहा ते नऊची मूळ घोषणाही ओरडा झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ अशी पातळ झाली. सरकारनं दिलेली वेळ प्रेक्षकांच्या अर्धवट मतानं दोन दिवसांत परत घेता येते. मोठ्या नटाच्या हिंदी चित्रपटाला तू बोर म्हटल्यानं काही बिघडत नाही. त्याचे शो लागतच राहतात. तुझं मत जिथं खरोखर लागू पडतं, तिथंच ते बेफिकीर असतं, ही माझी तक्रार आहे.

याचा अर्थ मराठी आहे म्हणून गोड बोलावं असा घेऊ नकोस. ती सवय आपल्या लोकांना फार आहे, आणि तिनंही नुकसानच केलं आहे. ‘आपला चित्रपट’ म्हणून एकदा गेलेला प्रेक्षक फसला की दुसऱ्यांदा चांगल्यालाही जात नाही. रद्दी असेल त्याला रद्दी म्हण, भीड ठेवू नकोस, नाव घेऊन म्हण. वीस मिनिटांत सोडून द्यावासा वाटला तर सोडूनही दे. आयुष्य काही सगळे चित्रपट संपवण्यासाठी दिलेलं नाही. तेव्हा फक्त ‘वीस मिनिटांत सोडला’ असं लिही आणि तिथंच थांब, पुढच्या दोन तासांबद्दल बोलू नकोस. हिवाळ्यात तिकडं संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, त्याला विद्यार्थी म्हणून जाता आलं तर जरूर जा. तिथं न कळणाऱ्या भाषेतले चित्रपट अंधारात सलग पाहायला मिळतात आणि पुढं ढकलायची सोय नसते. परीक्षेच्या तारखा बघून ठरव. आईला नमस्कार.

तुझा,
मामा