गाडीची चावी कामगाराला दिली, जबाबदारी कुणाकडे राहिली?



धंदा जरा वाढला की आपण गाडी घेतो. हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. आणि दुसऱ्या दिवसापासून चावी खिळ्याला! ज्याला वेळ असेल त्याने उचलायची. आजचा धडा या खिळ्यावरच्या चावीचा आहे.

समजा, तुमचा फरसाणाचा कारखाना आहे. माल पोचवायला छोटा हत्ती आहे. आज ड्रायव्हर आला नाही आणि दुकानदारांचे फोनवर फोन येतायत. पॅकिंगचा मुलगा म्हणतो, "शेठ, मला येते गाडी." तुम्ही म्हणता, "जा, पण लवकर ये." इथेच चुकलं. त्याच्याकडे लायसन्स आहे, पण फक्त दुचाकीचं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ नुसार, योग्य लायसन्स नसलेल्याला मालकाने गाडी चालवू द्यायची नाही. दिली, तर कलम १८० खाली मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात कुणाला लागलं, तर भरपाईचा दावा मालकावरही येतो. विमा कंपनीने पैसे भरले, तरी अशा प्रकरणात ते नंतर मालकाकडून वसूल होऊ शकतात. म्हणजे चावी त्याच्या हातात गेली, पण जबाबदारी तुमच्याकडेच राहिली.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी.

१. चावी कुणाला, हे ठरवा.
गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं मूळ लायसन्स स्वतः बघा. कोणत्या प्रकारच्या गाडीचं आहे आणि मुदत कधी संपते, हे लिहून ठेवा. पर्यायी ड्रायव्हर आजच ठरवा, अडचणीच्या दिवशी नाही. विमा, पीयूसी आणि फिटनेसच्या तारखा भिंतीवर लावा. मालवाहू गाडीला आठ वर्षं होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी करावं लागतं.

२. सकाळची पाच मिनिटं.
इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट बघायचं. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. मग टायरची हवा, ब्रेक, दिवे, इंडिकेटर, वायपर. चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की टायर बदलायचा. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की समजायचं वेळ झाली.

३. चावीसोबत वही.
तारीख, चालवणाऱ्याचं नाव, जाताना-येताना किलोमीटर, डिझेल आणि गाडीची तक्रार. वहीत सही केल्याशिवाय चावी नाही. हा नियम मालकालाही लागू!

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रायव्हरने लिहिलं, "ब्रेक कमी लागतो." तुम्ही म्हणालात, "दिवाळीची गर्दी संपू दे, मग बघू." पुढच्या वेळी तो काही लिहिणार नाही. उलट "तूच नीट चालवत नाहीस" म्हणून ओरडलात, तर कधीच लिहिणार नाही. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायरची तक्रार आली की गाडी त्या दिवशी गॅरेजला. एक दिवसाची डिलिव्हरी बुडाली तरी चालेल.

आणि हो, गाडी चालवताना मोबाइल नको, असा नियम आपणच करतो आणि "कुठे पोचलास?" म्हणून फोनही आपणच करतो! गाडी थांबल्यावर तो फोन करेल, असं ठरवून टाका. क्षमतेपेक्षा जास्त पेट्या भरायला लावायच्या आणि वर "सांभाळून जा" म्हणायचं, हेही बंद करा.

आजचा गृहपाठ: एक वही घ्या, तिला दोरा बांधा आणि चावीच्या खिळ्याला अडकवा. पहिली सही तुमची.

गाडी आज ना उद्या दुसरी घेता येईल. पण ती चालवणाऱ्याची घरी कुणीतरी वाट बघत असतं, एवढं लक्षात ठेवा.