छंद नकली पिस्तुलाचा, काळजी खऱ्या डोळ्यांची

माणसाला एखादा छंद असावा, असे आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी सांगतो. हाताला काम आणि मनाला विसावा मिळाला की रक्तदाब, निद्रानाश, चिडचिड अशा कितीतरी तक्रारी आपोआप कमी होतात. परंतु काही छंदांत रंग, रसायने, बारीक धूळ किंवा उडणारे तुकडे यांच्याशी संबंध येतो. असे छंद करताना कारखान्यातील कामगार जेवढी काळजी घेतो, तेवढीच घरीही घ्यावी लागते. आज अशाच एका वेगळ्या छंदाचा विचार करू.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो. खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी खेळातील पिस्तुले विकत घ्यायची, ती सुटी करून घासायची आणि नव्याने रंगवून जुन्या पोलादासारखी दिसतील अशी करायची, हा त्याचा छंद आहे. दर रविवारी संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले, डोळे चुरचुरू लागले आणि मळमळ होऊ लागली. ‘मायग्रेन असेल का?’ असे वडिलांनी मला विचारले. मी उलट विचारले, ‘रंगकाम तो कुठे बसून करतो?’ उत्तर आले, ‘थंडीमुळे खिडक्या बंद ठेवून, झोपायच्या खोलीतच.’ दुखणे फक्त रविवारीच का येत होते, याचा उलगडा तिथेच झाला.

ही पिस्तुले म्हणजे काय?

यांना ‘एअरसॉफ्ट’ म्हणतात. जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. त्यामुळे तेथे १९७० च्या दशकात हवेच्या किंवा गॅसच्या दाबाने प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या प्रतिकृती निघाल्या आणि पुढे हा छंद जगभर पसरला. तेथील कायद्याने १९७१ साली धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग देणे सक्तीचे केले. म्हणून काळ्या रंगाच्या प्रतिकृती प्रामुख्याने ए.बी.एस. नावाच्या टणक प्लॅस्टिकच्या बनू लागल्या. हे प्लॅस्टिक पोलादासारखे दिसावे यासाठी घासणे, रंगवणे, झिजल्याचा भास निर्माण करणे ही एक कलाच झाली आहे.

गोळी साधारणपणे ६ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिचे वजन ०.२ ग्रॅमच्या आसपास असते. २००६ साली जपानने या गोळीच्या ऊर्जेवर सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. आकडा लहान दिसतो, पण ०.२ ग्रॅमची गोळी १ ज्यूल ऊर्जेने सुटली तर तिचा वेग सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर होतो. कातडीवर तिचा लाल वळ उठेल. डोळ्यावर बसली तर काय होईल, ते पुढे पाहू.

कामाच्या पायऱ्या आणि शरीरावर परिणाम

१) सुटे करणे : आत ताणलेल्या स्प्रिंगा असतात. त्या निसटून थेट तोंडाकडे येतात. म्हणून प्रथम मॅगझिन काढावे, नळीत गोळी राहिलेली नाही याची खात्री करावी, गॅस पूर्ण सोडून द्यावा आणि संरक्षक चष्मा लावूनच पेचकस हाती घ्यावा. या पिस्तुलांत पुष्कळदा प्रोपेन गॅस वापरतात. द्रवरूप प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो. तो कातडीवर उडाला तर भाजल्यासारखी इजा होते. अशा वेळी ती जागा चोळू नये. कोमट पाण्यात धरावी. हा गॅस पेट घेतो, म्हणून तो मोकळ्या जागेत आणि विस्तवापासून दूर सोडावा.

२) जुना रंग काढणे : रंग उतरवणाऱ्या काही द्रवांत मिथिलीन क्लोराईड असते. त्याची वाफ श्वासातून आत गेली की शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. बंद न्हाणीघरात कोळशाची शेगडी पेटवल्यावर माणसाला बेशुद्ध करणारा वायू तो हाच. बंद खोलीत असा द्रव वापरताना माणसे दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापरासाठी या द्रवांच्या विक्रीवर बंदी घातली. छंदासाठी ते वापरूच नयेत.

३) घासणे : कोरडे घासले की प्लॅस्टिकची आणि रंगाची बारीक धूळ नाकातोंडात जाते. पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर घ्यावा. ओले घासल्यास धूळ उडत नाही. जुन्या वस्तूच्या रंगात शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून घासण्याचे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या अंथरुणाजवळ करू नये. काम संपल्यावर झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

४) धातूला काळेपणा आणणे : सुटे धातूचे भाग काळे करण्याच्या काही द्रवांत सेलेनियस आम्ल असते. पोटात गेल्यास ते थोडेसेही प्राणघातक ठरते. हे द्रव कधीही शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. रॉकेल प्यालेली लहान मुले आपल्याकडे दवाखान्यात येतात, त्याचे कारण बहुधा असेच असते. हातमोजे घालावेत आणि बाटली कुलपात ठेवावी.

५) रंग फवारणे : थिनर आणि फवाऱ्याच्या रंगात टोल्यूइन, झायलिन, अॅसिटोन यांसारखी द्रावणे असतात. डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, डोळे चुरचुरणे ही त्यांची पहिली लक्षणे होत. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात. देवघरातले निरांजन किंवा गॅसची शेगडी दूर असली, तरी त्या तेथपर्यंत पोहोचून पेट घेऊ शकतात. दोन द्रव मिसळून वापरायच्या काही चमकदार रंगांत आयसोसायनेट असते. त्याने चांगल्या प्रकृतीच्या माणसालाही दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते.

‘थोडा वेळ वास घेतल्याने काय होते?’ असे पुष्कळजण म्हणतात. जपानमध्येच १९६० च्या दशकात मिए प्रांतातील चपला बनवणाऱ्या कामगारांचे पाय बधिर आणि लुळे पडू लागले. ही माणसे लहानशा खोल्यांत बसून चपला चिकटवत असत. त्यांच्या गोंदातील हेक्झेन नावाच्या द्रावणाने मज्जातंतूंना इजा झाली होती. आठवड्यातून एकदा छंद करणाऱ्याला तेवढा धोका नाही, हे खरे. पण बंद खोलीत वाफ साठते आणि तिचा परिणाम होतोच, हा धडा त्यालाही लागू आहे.

मास्क कोणता?

२०२० च्या साथीपासून एन-९५ मास्क घरोघरी माहीत झाला. तो धूळ अडवतो. पण थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो. आयसोसायनेट असलेले रंग मात्र घरी वापरूच नयेत. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग घ्यावेत आणि काम गॅलरीत किंवा अंगणात करावे. शिक्षकांच्या मुलाने एवढेच दोन बदल केले. पुढच्या महिन्यात त्याची डोकेदुखी थांबल्याचे वडिलांनी सांगितले. गोळी एकही लागली नाही.

डोळा

या छंदातील सर्वांत मोठी हानी डोळ्याची होते. आपल्याकडे जत्रेत आणि दिवाळीच्या बाजारात प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांची जी पिस्तुले मिळतात, त्यांतही पुष्कळदा हीच ६ मिलिमीटरची गोळी असते. म्हणून हा भाग प्रत्येक आईवडिलांनी वाचावा.

गोळी डोळ्यावर आदळली की बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त साठू शकते. पारपटल सोलवटणे, मोतीबिंदू होणे, आतला पडदा सरकणे हेही घडते. दुखणे दोन दिवसांत थांबते आणि मूल पुन्हा खेळू लागते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. परंतु पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि काचबिंदू काही वर्षांनीही उद्भवू शकतो. तेव्हा मार लागलेला डोळा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा आणि ते सांगतील तितकी वर्षे तपासत राहावा.

नंबरचा साधा चष्मा हे संरक्षण नव्हे. काच फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जातात. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी पूर्ण बंद असलेला चष्मा हवा. खेळणाऱ्याने, पाहणाऱ्याने आणि दुरुस्ती करणाऱ्यानेही तो लावावा.

प्रथमोपचार

• डोळ्याला मार लागल्यास चोळू नये, दाबू नये, पट्टी आवळू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर टेकणार नाही असा झाकून ठेवावा, डोके उंच ठेवावे आणि अॅस्पिरिन देऊ नये.
• डोळ्यात थिनर किंवा रसायन गेल्यास प्रथम डोळा धुवावा. स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली तो १५ ते २० मिनिटे धरावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे.
• थिनर पोटात गेल्यास ओकारी काढू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरून न्यूमोनिया होतो. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे.
• वाफेने चक्कर आल्यास त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे. तो पूर्ण सावध होईपर्यंत त्याला एकटे सोडू नये.

शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट

अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार नकली पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी खूण असावी लागते. ती खूण प्रतिकृतीची शोभा बिघडवते म्हणून काही हौशी माणसे ती काढून टाकतात. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात तामिर राईस हा १२ वर्षांचा मुलगा बागेत असेच एक एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्यावर नारिंगी खूण नव्हती. पोलिसांना ते खरे वाटले आणि त्यांनी गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मरण पावला. दोष कोणाचा, यावर तेथे पुष्कळ वाद झाला. आपण आपल्यापुरते एवढे लक्षात ठेवावे, की प्रतिकृती जितकी हुबेहूब, तितकी ती घराबाहेर धोक्याची.

म्हणून नारिंगी खुणेला कधीही हात लावू नये. पिस्तूल रस्त्यावर, बसमध्ये किंवा शाळेत नेऊ नये. न्यायचेच असेल तर बंद पेटीतून न्यावे. चेष्टेनेही ते कोणावर रोखू नये. परदेशातून असे काही मागवण्यापूर्वी किंवा आणण्यापूर्वी आपल्या पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्यावा.

मुलाचा असा छंद पाहून पालक घाबरतात आणि सगळे साहित्य फेकून देतात. मग मूल तेच काम चोरून, बंद दाराआड करू लागते, आणि ते तर अधिकच वाईट. त्यापेक्षा त्याच्याजवळ बसावे, खिडकी उघडावी, चष्मा लावायला लावावा आणि बाटल्यांवरील मजकूर त्याच्याकडून वाचून घ्यावा. खराब झालेला रंग पुन्हा देता येतो. गेलेली दृष्टी परत आणणे मात्र पुष्कळदा कोणत्याही डॉक्टरच्या हाती नसते.