काचेच्या टाकीतील कांदळ आणि विहिरीचे खारे पाणी

नेरपासून समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही विद्यार्थ्यांना क्षारांचा पाठ शिकविताना मी खारफुटीचे झाड काचेच्या टाकीत वाढवून दाखवितो. कपाशी किंवा संत्रा मिठाने कसा मरतो हे वावरात दिसायला दोन-चार वर्षे जातात. टाकीत ते दोन-तीन महिन्यांत दिसते, आणि मिठात जगणारे झाड नेमके काय करते हेही दिसते.

आपल्या किनाऱ्यावर तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा अशा अनेक जाती आहेत. त्यांपैकी पांढरी चिप्पी हा २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. घरगुती टाकीसाठी मात्र कांदळ सोयीचा. त्याचे बी झाडावरच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लांब रोप तयार होऊन खाली चिखलात पडते. किनाऱ्यावर सहलीला जाऊन अशा शेंगा तोडून आणू नयेत. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ साली तिच्या तोडीविरुद्ध कडक आदेश दिलेले आहेत. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे रीतसर विचारणा करून रोपवाटिकेतील रोप मिळते का ते पाहावे.

लागवडीची रीत

टाकी ४० लिटरची पुरते. तळाशी चार बोटे बारीक वाळू व गाळ मिसळून घालावा. शेंगेचे जाड, टोकदार टोक खाली ठेवून ५ ते ७ सेंमी रोवावे. त्याहून खोल रोवल्यास शेंग कुजते. शेंडा व पाने नेहमी पाण्याच्या वर राहिली पाहिजेत. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ वापरावे. जेवणातल्या मिठात मॅग्नेशियम, पोटॅश वगैरे पुरेसे नसते आणि पाने पिवळी पडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपण निम्म्यावर, म्हणजे लिटरला साडेसतरा ग्रॅमवर ठेवावे. ४० लिटरला ७०० ग्रॅम मीठ लागेल. खारफुटी मिठावर जगते असा समज आहे, तो खरा नाही. ती मीठ सोसते, आणि बहुतेक जाती निम्म्या किंवा त्याहून कमी खारटपणात अधिक चांगल्या वाढतात.

उजेड भरपूर हवा. मात्र वैशाखातले ऊन काचेतून थेट आले तर पाणी तापते, म्हणून दुपारी आडोसा करावा. दर एक-दोन दिवसांनी पानांवर गोडे पाणी फवारावे; किनाऱ्यावर हे काम पाऊस करतो. शेंडा छाटू नये. टाकीत मासे असतील तर त्यांच्या विष्ठेतील नत्र हे झाड घेते हे खरे, पण वाढ इतकी सावकाश असते की दोन-चार रोपांनी पाणी स्वच्छ होईल अशी आशा धरू नये.

माझी चूक

पहिल्या वर्षी फेब्रुवारीअखेर मी रोपे लावली. उन्हाळा वाढला तशी टाकीची पातळी रोज लिटरभर उतरू लागली. मी जवळच्या पिंपात मुळचेच साडेसतरा ग्रॅमचे पाणी कालवून ठेवले होते, तेच रोज भरत राहिलो. एप्रिलअखेर पानांच्या कडा करपल्या, नवी पाने येणे थांबले. रोग समजून पाने तपासली, मुळे तपासली. चूक साध्या गणितात होती. पाणी उडते, मीठ उडत नाही. ६० दिवसांत ६० लिटर पाण्याबरोबर मी आणखी १,०५० ग्रॅम मीठ टाकीत घातले होते. लिटरला जवळजवळ ४४ ग्रॅम झाले, समुद्रापेक्षाही खारे. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्यानेच करायची असते.

ही टाकी पाहून एक कास्तकार म्हणाले, "सर, असंच त माह्या वावरात होऊन रायलं." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

वावरातील हिशेब

विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता २ डेसिसायमन प्रति मीटर असेल तर ते जिभेला फारसे खारट लागत नाही. पण त्यात लिटरला सुमारे सव्वा ग्रॅम क्षार असतात. एका एकराला ५ सेंमी उंचीचे एक ओलित दिले की दोन लाख लिटर पाणी लागते, आणि त्यातून अडीचशे किलो क्षार जमिनीत जातात. म्हणजे पन्नास किलोची पाच पोती! चार ओलितांत वीस पोती. पीक पाणी पिते, ऊन पाणी ओढते, पोती तिथेच राहतात.

कांदळाची मुळे नव्वद टक्क्यांहून अधिक मीठ बाहेरच अडवितात, तिवर उरलेले मीठ पानांवर आणून टाकतो. आपल्या पिकांना हे जमत नाही. मुळांजवळच्या मातीची क्षारता दीड-पावणेदोनच्या पुढे गेली की संत्र्याचे उत्पन्न घटू लागते. हरभराही नाजूकच. कपाशी साधारण साडेसातपर्यंत तग धरते. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात तिवराची जनुके भातात घालण्याचे काम झाले, पण तसे बियाणे शेतकऱ्यांच्या हाती आलेले नाही. तोवर क्षार धुऊन काढणे हाच मार्ग.

टाकीतले खारे पाणी मी नळीने काढून टाकले. भारी काळ्या जमिनीला अशी नळी नसते, चर काढून निचरा करून द्यावा लागतो. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात अडचण आणखी वेगळी आहे. तेथे सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात आणि पाणी खाली मुरतच नाही. तेथे माती परीक्षणानुसार जिप्सम घातल्याशिवाय नुसते पाणी सोडून उपयोग नाही. शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी रब्बीच्या एक-दोन संरक्षित ओलितांसाठी राखावे. ते आपले गोडे पाणी.

ठिबकवाल्या बागाईतदारांनी एक ध्यानात ठेवावे. ओल्या गोलाच्या कडेला क्षारांचे पांढरे कडे जमते. मृगाच्या पहिल्या हलक्या सरीने ते विरघळून थेट मुळांत उतरते. म्हणून पाऊस आला की ठिबक लगेच बंद करू नये; जोराचा पाऊस होऊन क्षार खोल जाईपर्यंत संच चालू ठेवावा.

संत्र्याची नवी बाग लावण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. पंप अर्धा तास चालवून मग नमुना घ्यावा. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून एक लिटर भरावी, बूच घट्ट लावावे आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. एक नमुना मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर घ्यावा, कारण एकाच विहिरीचे दोन्ही वेळचे पाणी सारखे नसते.