मनाचा भाव आणि डोळ्याची दृष्टी

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतून वारंवार शिकवण्यात येतो, आणि याजक व लेवी हे दोघे निर्दय होते असे सांगून तो बहुधा आटोपला जातो. आमच्या मते हे उत्तर फार सोपे आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात ते दोघे का निघून गेले याविषयी एक शब्दही नाही. त्या घटकेस त्यांचे मन कोणत्या स्थितीत होते?

हाच प्रश्न जॉन डार्ली व डॅनियल बॅट्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने तपासला. त्याचा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्र विद्यालयाच्या ४० विद्यार्थ्यांस त्यांनी एकेकटे करून जवळच्या दुसऱ्या इमारतीत छोटेसे भाषण करण्यास पाठवले. काहींचा विषय हाच दाखला होता. इतरांचा, धर्मशिक्षण घेतलेल्यांस कोणती कामे मिळतात हा. काहींस सांगितले की उशीर झाला आहे, त्वरा करा. काहींस सांगितले की अद्याप वेळ आहे. वाटेत एका दारापाशी एक मनुष्य डोळे मिटून, खोकत व कण्हत पडला होता. त्यास तेथे मुद्दाम बसवले होते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक नव्हते. ज्यांस घाई नव्हती त्यांपैकी शेकडा ६३ जणांनी काही ना काही साहाय्य केले. मध्यम घाई असलेल्यांपैकी ४५ जणांनी. आणि अति घाईत असलेल्यांपैकी केवळ १० जणांनी. शोमरोन्यावर बोलावयास निघालेला विद्यार्थी त्या मनुष्यास अक्षरशः ओलांडून गेला, असेही प्रसंग घडले! भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ४० ही संख्या लहान आहे खरी. तरी आम्हा उपदेश करणाऱ्यांस ती पुरेशी बोचते.

मग हे विद्यार्थी पाषाणहृदयी होते काय? प्रयोगकर्त्यांनी तसे म्हटले नाही. न थांबलेल्यांपैकी कित्येक जण पोहोचले तेव्हा अस्वस्थ व चिंतातुर दिसत होते. काहींस तर, हा संकटात पडलेला मनुष्य आहे, हा अर्थ त्या क्षणी लागलाच नाही. मागून आठवून सांगताना लागला. घाई ही स्वतः भावना नव्हे, परंतु तिच्या पोटी धास्ती असते, आणि धास्तीने दृष्टी अरुंद होते. एलिझाबेथ लॉफ्टस व सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले की, चित्रातील मनुष्याच्या हाती पिस्तूल असता पाहणाऱ्याची नजर त्या पिस्तुलावरच अधिक खिळते.

क्रोधाची रीत निराळी. गेलन बोडेनहाउसेन व सहकाऱ्यांच्या १९९४ सालच्या प्रयोगांत, रागावलेल्या लोकांनी आरोपीचा निवाडा करताना त्याच्या समाजाविषयीच्या रूढ ग्रहांचा अधिक आधार घेतला. दुःखी लोकांनी तसे केले नाही. म्हणजे अप्रिय भावना सर्व एकसारख्या नव्हेत. दुःखित मनुष्य पुष्कळदा अधिक सावधपणे पाहतो. आनंदाने दृष्टी विस्तारते असे बार्बरा फ्रेडरिक्सन १९९८ पासून प्रतिपादत आल्या. तथापि बोडेनहाउसेन यांनाच आढळले की आनंदी लोकही रूढ ग्रहांवर सहज विसंबतात. यास्तव आनंदाचे सरसकट स्तोत्र गाणे आम्हास पटत नाही.

आपल्या गावांत हे रोज दिसते. बांधावरून भांडण झालेल्या मनुष्यास शेजाऱ्याचे तापाने फणफणलेले मूल दिसते, पण मूल म्हणून नव्हे, तर "त्यांचे" म्हणून. चार दिवसांनी राग निवळला म्हणजे तोच मनुष्य त्याच मुलासाठी बैल जुंपतो. पंचांनी रागाच्या भरात त्याच संध्याकाळी बैठक बसवू नये, ती दुसऱ्या दिवसावर टाकावी, असे आम्ही म्हणतो ते याचकरिता.

उपदेशक बांधवांस आणखी एक सांगावेसे वाटते. एका दिवसात चार वस्त्यांच्या भेटी नेमल्या म्हणजे चौथ्या वस्तीत प्रार्थना होते, वहीत नोंद होते, आणि दाराआड उभी असलेली विधवा काही सांगू पाहत होती, हे लक्षातही येत नाही. दोनच वस्त्या नेमाव्यात. काम राहील, अशी भीती घालणारे पुष्कळ भेटतील. परंतु शोमरोनीही रिकामटेकडा नव्हता. तो प्रवासात होता. त्याने जखमा बांधल्या, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकास दोन दीनार दिले, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले, आणि आपल्या कामास निघून गेला.