सॅमनच्या अंगातलं तेल

नॉर्वेच्या समुद्रखाड्यांत जाळ्यांच्या गोल पिंजऱ्यांमध्ये सॅमन मासा वाढवतात. हा मासा मूळचा शिकारी, लहान मासे खाऊन जगणारा. म्हणून १९९० साली तिथल्या सॅमनच्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के वाटा समुद्रातून यायचा : वाळलेल्या माशांची पूड आणि माशांचं तेल. (‘मत्स्यतेल’ हा शब्द भारदस्त आहे, पण मी माशाचं तेलच म्हणणार. तारले तळताना तव्यावर सुटतं ना, तेच.) २०१३ पर्यंत हा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आला. पुडीच्या जागी मुख्यतः सोया आलं आणि तेलाच्या जागी रेपसीडचं तेल. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीचं भावंड.

हे घडलं ते टंचाईमुळे. सॅमनची शेती वाढत गेली, माशांचं तेल मात्र वाढेना. त्याचा मोठा पुरवठादार पेरू, आणि तिथला कच्चा माल म्हणजे अँकोवेटा हा वीतभरही नसलेला मासा. एल निनोच्या वर्षी पाणी तापलं की तो विरळ होतो. २०२३ मध्ये पेरूने वर्षाचा पहिला मुख्य हंगामच रद्द केला आणि तेलाचे भाव भडकले.

तेल बदललं म्हणून सॅमनची वाढ खुंटत नाही. त्याला तेलातून मुख्यतः ऊर्जा हवी असते, ती रेपसीडही देतं. बदलते ती त्याच्या मांसातली चरबी. जसं अन्न तसं मन, असं आपण म्हणतो. सॅमनच्या मनाचं मला ठाऊक नाही, चरबीचं मात्र अगदी खरं आहे.

इथे थोडं रसायनशास्त्र लागेल. रेपसीडच्या तेलात ओमेगा-३ असतं, पण आखूड साखळीचं : १८ कार्बन, ३ दुहेरी बंध. आपल्या हृदयाला आणि मेंदूला उपयोगी पडणारं ईपीए २० कार्बनचं आणि डीएचए २२ कार्बनचं. साखळी लांबवणारी विकरं सॅमनकडे आहेत, पण त्यांचं काम संथ. गोड्या पाण्यातल्या रोहूला ते बरं जमतं. बहुतेक अस्सल समुद्री माशांना जवळपास जमतच नाही. त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या आयतं मिळत आलंय.

परिणाम स्कॉटलंडमध्ये मोजला गेला. २००६ ते २०१५ या काळात तिथल्या शेतीतल्या सॅमनमधलं ईपीए-डीएचए सुमारे निम्म्यावर आलं. तरीही कोंबडी-बकऱ्यापेक्षा ते कितीतरी जास्तच, हेही सांगायला हवं. पण गिऱ्हाईक ज्या गुणासाठी जादा पैसे मोजतं, तोच गुण निम्मा झाला आणि माशाचं नाव तेच राहिलं, हे मला खटकतं.

मधला मार्ग आहे. वाढीचा बराच काळ वनस्पती तेल द्यायचं आणि विक्रीआधी काही महिने माशांचं तेल. गेलेलं बरंचसं ओमेगा-३ मांसात परत येतं. हाताशी असलेलं थोडं तेल असं शेवटी वापरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुसरा मार्ग शैवालाचा. अँकोवेटाही हे तेल स्वतः बनवत नाही. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून अन्नसाखळीतून ते त्याच्याकडे येतं. आता तसेच सूक्ष्मजीव टाक्यांत साखरेवर वाढवून त्यांचं तेल थेट खाद्यात मिसळतात. मधला मासा वगळला जातो. अडचण अजून किमतीची आहे, पण अँकोवेटाचा एखादा हंगाम बुडाला की तीही कमी भासू लागते.