अंकीय युगातील शालेय ग्रंथालय आणि मराठीतील शोध

प्रस्तावना

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांपैकी चौथे सूत्र होय. कपाटातील पुस्तकांच्या जोडीला पडद्यावरील मजकूर आला, तरी या सूत्राचे महत्त्व उणावलेले नाही. मात्र ते पाळण्याची जबाबदारी आता ग्रंथपालाइतकीच भाषाशिक्षकावरही येते. ती कशी, हे या घटकात पाहू.

विषय-विवेचन

समजा, सातवीतील एक विद्यार्थिनी विहिरींविषयी माहिती शोधत आहे. संगणकातील साधा शोध अर्थ जाणत नाही. तो अक्षरांचा क्रम जुळवतो. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होताना ‘ही’ ऱ्हस्व होते. ‘पाऊस’चे ‘पावसाला’ होताना ‘ऊ’च्या जागी ‘व’ येतो. त्यामुळे ‘विहीर’ असे टंकल्यास ‘विहिरीत’ हे रूप असलेले पान निसटते. मोठी शोधयंत्रे ही उणीव काही अंशी भरून काढतात. ई-पुस्तकातील साध्या शोधाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

दुसरी अडचण लेखनपद्धतीची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार वगळले गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘पांच’, ‘नाहीं’ अशी रूपे आढळतात. तिसरी अडचण तांत्रिक आहे. पानांची केवळ छायाचित्रे असतील किंवा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर त्यात देवनागरी शब्द टंकून शोधता येत नाही.

अशा वेळी ‘मराठीत माहितीच नाही’ असा त्या मुलीचा समज होतो. वस्तुतः माहिती असते. शोधाचा शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणून सामान्यरूपाचा पाठ ग्रंथालयातही घ्यावा. मुलांनी एका शब्दाचे सरळरूप, सामान्यरूप, अनेकवचन, जुने लेखन आणि जवळच्या अर्थाचे शब्द (आड, बारव) वहीत लिहून प्रत्येकाने शोध घ्यावा. मराठी विश्वकोशाचे छापील खंड आणि संकेतस्थळ ही दोन्ही त्यांना हाताळू द्यावीत.

सारांश

साधने पुरवल्याने ग्रंथालय अंकीय होते. शोधाची भाषा शिकवल्यानेच ते विद्यार्थ्याचे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सामान्यरूपामुळे मराठीतील शोधात कोणती अडचण येते? दोन उदाहरणे द्या.

२. तुमच्या परिसरातील एक शब्द निवडून त्याची शोधासाठी उपयुक्त अशी पाच रूपे लिहा.